सायकल घेताना रस्ता कोण विचारणार?

आज डोकं फिरलं आहे, म्हणून लांबलचक लिहिते. घाई असेल त्यांनी सरळ पुढे जा.

आमच्या शाळेत नवीन शिक्षणसेविका आली आहे. मानधन १६ हजार. पहिलं मानधन हातात पडलं आणि पोरीने तालुक्याच्या दुकानातून १४ हजारांची गिअरची सायकल आणली. जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही. दुकानदाराने विचारलं काय, तर "कलर कोणता देऊ मॅडम?" जाता कुठून, रस्ता कसा, डबा-दप्तर कुठे बांधाल, एका शब्दाने नाही!

आमचा रस्ता नऊ किलोमीटर. दोन्ही टोकांना डांबर आणि मध्ये दीड किलोमीटर पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट. एसटी अकराला येते, शाळा साडेदहाची. रात्री पाऊस झाला आणि सकाळी पांदणीत हिची दोन्ही चाकं बसली. यवतमाळ जिल्ह्यातली काळी माती ज्याने तुडवली त्याला सांगायची गरज नाही. ती वाहून जात नाही, थरावर थर चढत जाते. जाड टायर आणि फ्रेमच्या मधली जागा भरली, गवतासकट गोळा मागच्या गिअरमध्ये गेला, हिने जोर लावला आणि गिअर वाकून स्पोकमध्ये. पुढे डांबरावर ही सायकल ढकलत होती, आणि आठवीतली एक पोरगी सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या साध्या सायकलवर घंटी वाजवत बाजूने निघून गेली. शाळेत आली तेव्हा पाठीवर मानेपर्यंत चिखल. रडली नाही, पण बोललीही नाही.

मला माझा पहिला जुलै आठवला. तीच पांदण. माझी लेडीज सायकल नवी कोरी, मडगार्ड टायरला चिकटून बसवलेलं, दिसायला देखणं. अर्ध्यात चाक फिरेना. एका काकांनी धुऱ्यावरच्या ढिगातून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडाची, काडी काढून दिली आणि म्हणाले, "बाई, हे घ्या, कोरत कोरत जा." साडी खोचून मी वीस-वीस पावलांवर मडगार्ड कोरत गेले. नवी नोकरी, लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी सायकलच्या मिस्त्रीकडे गेले. त्याने मडगार्डच्या तारा सैल केल्या आणि टायरवर दोन बोटं जातील एवढी फट ठेवली. मग म्हणाला, "बसा." सायकल निंबाला टेकवलेली. टाच पेडलवर, पेडल पार खाली, पाय सरळ झाला पाहिजे. माझा गुडघा वाकलेलाच. "सीट वर घ्या मॅडम, नाहीतं गुडघे जातीन." तोपर्यंत मला वाटायचं बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की सीट बरोबर. संध्याकाळी गुडघे दुखायचे, ते वयाचं समजत होते. सव्वीस वर्षांची होते मी!

मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, अठरा दातांचं होतं, त्याने बावीसचं टाकलं आणि चेनची एक कडी वाढवली. वेग थोडा गेला, पण नाल्याच्या चढावर उतरणं बंद झालं. मागच्या चाकाला जाळी लावली, कारण त्याआधी ओढणी एकदा स्पोकमध्ये गेली होती. नशीब, सेफ्टी पिनच तुटली. या जाळीबद्दल कोणता दुकानदार बोलतो? विकणारे सगळे पुरुष आणि ओढणी आमच्या गळ्यात.

बरं, गिअरच्या सायकली वाईट नसतात. चांगल्या रस्त्यावर मजा येत असेल. ओल्या रिमवर माझे ब्रेक घसरतात, डिस्क तिथे बरे, हेही मान्य. पण वाकलेला गिअर सरळ करणारा माणूस आमच्या तालुक्यात नाही. माझी सायकल पंक्चर झाली की गावातला पोरगा दहा मिनिटांत काढून देतो. आणि पंक्चर होतंच, दिवाळीनंतर सराट्याचे काटे कोणाला सोडत नाहीत. "स्कुटी घ्या ना मॅडम" म्हणणाऱ्यांनी जुलैत एकदा पांदणीत स्कुटी घालून दाखवा, मग बोलू.

दुपारी मी तिच्यावरच ओरडले, घेण्याआधी विचारायचं नाही का? आता लिहिताना वाईट वाटतंय. कोणाला विचारणार होती बिचारी? गावात नवीन, खोली करून एकटी राहते. तिला वाटलं महाग म्हणजे मजबूत. मलाही काकांच्या त्या काडीपर्यंत कुठे काय कळत होतं?

संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला. गिअरचं पूर्ण झेंगट काढून एकच फ्रीव्हील बसतं का बघतो म्हणाला. चाक सोडवून चेन छोटी करावी लागेल. कॅरिअर जुनं आहे त्याच्याकडे, स्टँडही देतो म्हणे. दुकानदार परत घेणार नाहीच, "वापरलेला माल" म्हणाला. एक दिवस वापरलेला!

उद्या शनिवार, सकाळची शाळा. ती माझ्या कॅरिअरवर येते म्हणाली, पांदणीत दोघी उतरून चालू. पाऊस पुन्हा सुरू झाला आहे. अंगणातल्या पऱ्हाटीतून दोन चांगल्या काड्या निवडून ठेवल्या आहेत.