‘पूर्ण गोपनीय’ हे दोन शब्द आम्ही काढले

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू दोनदा वाचला. नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. आमच्या बिटकॉइन वॉलेटच्या माहितीत ‘पूर्ण गोपनीय’ लिहिलंय, पण ॲप उघडलं की तुमचे सगळे पत्ते (घरचे नव्हे, पैसे घ्यायचे, खाते क्रमांकासारखे बिटकॉइनचे पत्ते) आमच्या सर्व्हरला कळतात. फोन केला तर उडवाउडवीची उत्तरं मिळाली. नवा ‘खाजगी मोड’ लावून जुनं वॉलेट परत आणायला गेलात तर रात्रभर सिंक (जुने व्यवहार शोधून जुळवणं) चाललं आणि सकाळी फोन बंद. त्यापेक्षा जुनी ब्लूम फिल्टरवाली (त्याबद्दल खाली) वॉलेट बरी होती. शेवटी, ‘फुल नोड द्या, नाहीतर दुकान बंद करा.’ (नोड म्हणजे बिटकॉइनच्या जाळ्यातला एक संगणक; फुल नोड सगळे व्यवहार स्वतः तपासतो.)

पहिला मुद्दा अगदी खरा आहे. तुम्ही ॲपला स्वतःचा सर्व्हर लावलात, त्याचा लॉग (कामाची नोंद) वाचलात आणि ॲप उघडल्या उघडल्या 43 प्रश्न आलेले मोजलेत, एकेका पत्त्याचा एकेक. आमच्या सर्व्हरला तसेच 43 येत होते. तुमच्या रिव्ह्यूत नसलेली एक गोष्ट मी सांगतो. त्या 43 पैकी 20 पत्ते तुम्ही अजून वापरलेलेच नाहीत. वॉलेट पुढचे 20 रिकामे पत्ते आधीच विचारून ठेवतं, कुठे पैसे आलेत का म्हणून. म्हणजे मागचे तर कळलेच, पुढच्या काळात तुम्ही कुठे पैसे घेणार आहात तेही सर्व्हरला आजच कळलं. आणि हे सगळे पत्ते एकाच माणसाचे, हेही.

फोनवर बोललो तो मीच. मिरजेला एका लग्नात पंगतीशेजारी उभा राहून तुम्हाला म्हणालो होतो, ‘पत्ता जात नाही हो, त्याचा हॅश जातो’, म्हणजे पत्त्यावरून गणिताने काढलेला ठसा. वाक्य खरं आहे आणि बिनकामाचं आहे. सर्व्हरकडे साखळीवरच्या (बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदीतल्या) प्रत्येक पत्त्याचा हॅश आधीच काढून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याला जुळवायला क्षणही लागत नाही. तुम्हाला हे माहीत होतं आणि मी तरी ते ऐकवलं. त्याबद्दल मनापासून माफी.

पैशांची काळजी मात्र करू नका. सीडचे 12 शब्द (वॉलेटची मूळ किल्ली) फोनमधून बाहेर जात नाहीत, व्यवहारावरची सही फोनमध्येच होते. तुमचं नाणं आम्ही हलवू शकत नाही. पण नाणं हलवता न येणं वेगळं आणि कुणाकडे किती आहे ते कळणं वेगळं. हे आपल्या सांगली जिल्ह्यात समजावून सांगायची गरज नसावी. विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांची घरं देशभर सोन्याचांदीत काम करतात. मुशीत आज किती माल आहे हे त्यांच्यातला कुणी शेजाऱ्याला सांगत नाही.

दुसरं एक वाक्यही आम्ही माहितीतून काढलंय: ‘आम्ही काहीही साठवत नाही.’ सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे सिस्टीमचे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात, आणि आम्ही ठेवतो. त्यात आयपी (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि वेळ असते, विचारलेले पत्ते नसतात. पण हा झाला आमचा शब्द. तुम्ही घरी बसून तो तपासणार कसा? म्हणून सर्व्हरने प्रश्न विसरावा यापेक्षा त्याला तो विचारलाच जाऊ नये, या मताला आम्ही आलो. खाजगी मोड त्यातूनच निघाला.

तो कसा चालतो हे आमच्या माहितीत नीट लिहिलेलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो. समजा मार्केट यार्डात तुमची हळद सौद्याला लागली. अडत्याला फोन करून ‘माझ्या चाळीस पोत्यांना काय भाव लागला?’ विचारलंत, की तुमची पोती किती हे त्याला कळलं. त्याऐवजी दिवसभराच्या सगळ्या सौद्यांची यादी घरी आणून त्यात आपलं नाव शोधलंत, तर तुम्ही काय शोधलं ते कुणालाच कळत नाही. मेहनत जास्त, पण तोंड उघडावं लागत नाही. बिटकॉइनमध्ये ही यादी म्हणजे बीआयपी (बिटकॉइन सुधारणेचे प्रस्ताव) 157 आणि 158 मधले कॉम्पॅक्ट फिल्टर. साधारण दर 10 मिनिटांनी एक ब्लॉक (व्यवहारांचा एक गठ्ठा), म्हणजे दिवसाला 144, आणि प्रत्येकाचा एक छोटा फिल्टर. एकेक वीसेक केबीचा धरला तरी दिवसाला 3 एमबीच्या आसपास. हा फिल्टर सगळ्यांना सारखाच मिळतो. जुळणी तुमच्या फोनमध्ये होते. जुळलं तर वॉलेट तो अख्खा ब्लॉक मागवतं, तोही दर वेळी वेगळ्या नोडकडून.

ब्लूम फिल्टर नेमका उलटा होता. तिथे फिल्टर तुमचं वॉलेट बनवायचं आणि समोरच्या नोडला द्यायचं. ‘थोडं धूसर आहे, कळणार नाही’ असा समज होता. 2014 मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की 20 पेक्षा कमी पत्ते असणाऱ्या साध्या वापरकर्त्याचे बरेचसे पत्ते त्यातून उघडे पडतात. बिटकॉइन कोअर या नोडच्या मुख्य सॉफ्टवेअरने 2019 मध्ये 0.19 आवृत्तीपासून ही सेवा मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हा जुनं ते सोनं इथे चालत नाही. त्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही.

आता रात्रभराचं सिंक. तुम्ही जुनी सीड टाकलीत आणि वॉलेट कधीचं ती तारीख दिली नाहीत. देणार कशी, ती जागा आम्ही ‘प्रगत सेटिंग’च्या तिसऱ्या पानावर दडवली होती. तारीख नाही म्हटल्यावर ॲप जानेवारी 2009 च्या पहिल्या ब्लॉकपासून शोधायला लागलं. आमचं वॉलेट फक्त सेगविटचे (बिटकॉइनच्या एका सुधारणेनंतर आलेल्या प्रकारचे) पत्ते बनवतं, आणि सेगविट सुरूच झालं 24 ऑगस्ट 2017 ला. त्याआधी तुमचं काही सापडणं शक्य नाही. तीन वर्षांच्या पोराचा जन्मदाखला आजोबांच्या जन्मसालापासून शोधत बसावं, तसला प्रकार. हे आमच्या चाचणीत सुटलं, कारण आम्ही चौघेही दर वेळी नवं कोरं वॉलेट उघडून बघत होतो.

परवाच्या आवृत्तीत सीड टाकतानाच ‘हे वॉलेट साधारण कोणत्या महिन्यातलं?’ असं विचारलं जातं. आठवत नसेल तर शोध 2017 पासून सुरू होतो आणि तो चार्जिंग व वायफाय असतानाच चालतो. नव्या वॉलेटला खाजगी मोड आपोआप लागतो. सर्व्हरला पत्ते विचारणारा जुना जलद मोड ठेवलाय, पण त्याच्या बटणाखाली आता असं लिहिलंय: ‘यात तुमचे सगळे पत्ते आणि आयपी आमच्या सर्व्हरला दिसतात.’ माझा मावसभाऊ म्हणाला, असं लिहिलं तर कोण दाबेल ते बटण? न दाबू देत.

तुमच्या नजरेतून सुटलेली आमची आणखी एक चूक: व्यवहाराखालचं ‘तपशील पहा’ हे बटण. ते दाबलं की ब्राउझरमध्ये एक बाहेरची वेबसाइट उघडायची आणि तुमचा व्यवहार कोणता हे तुमच्या आयपीसकट तिला समजायचं. एवढी सगळी झाकपाक करून मागचं दार सताड उघडं. ते बटण काढलं.

खाजगी मोडच्या मर्यादाही ऐकून ठेवा. पैसे ब्लॉकमध्ये नोंदले जाईपर्यंत ते आल्याचं दिसत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना तो सोयीचा नाही. पैसे पाठवताना समोरच्या नोडला तुमचा आयपी दिसू शकतो, म्हणून पाठवणं आम्ही टॉर या आयपी झाकणाऱ्या जाळ्यामधून करतो. जलद मोडमध्ये नुसतं टॉर लावून मात्र भागत नाही: आयपी झाकला जातो, पण 43 पत्ते एकाच कनेक्शनवरून गेले तर ते एकाच माणसाचे हे कळतंच. आणि केवायसी केलेल्या एक्सचेंजवरून (नाणी विकत घ्यायच्या बाजारातून) नाणी काढलीत तर ती कोणत्या पत्त्यावर गेली हे त्या एक्सचेंजला माहीत असतं. तिथे कुठलंच वॉलेट काही करू शकत नाही.

फुल नोडचं म्हणाल, तर अख्खी साखळी आता 600 जीबीच्या वर गेली आहे आणि आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांचे फोन 64 किंवा 128 जीबीचे. त्यांच्यासाठी दुकान चालू ठेवावंच लागेल. तुमच्यासारख्यांनी मात्र घरी नोड बसवावा: एक रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त संगणक), 1 टीबीची एसएसडी आणि वर इलेक्ट्रम सर्व्हर (वॉलेटच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सॉफ्टवेअर). वॉलेटमध्ये स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता टाकायची सोय आहेच, ती तुम्ही वापरलीही आहे. मग जलद मोडही तुमच्याच घरात राहतो.

विश्रामबागच्या ऑफिसला कधीही या. नोड बसवून देतो, मजुरी घेणार नाही. फोन आणि एसएसडी आणा. सीडचा कागद घरीच ठेवा, आमच्यातल्या कुणी मागितला तरी दाखवू नका.