गोल गोल फिरवणं टाइमपास नाहीये

सध्या एक रील फिरतंय. म्हणे रायडिंग क्लासवाले महिनोन्महिने घोडा गोल फिरवून पैसे उकळतात, रिकीब (पाय ठेवायची कडी) काढून बसवणं म्हणजे नुसता छळ, खरं शिकायचं तर लगाम आखडून धरा आणि टाच मारून पळवा, आणि त्याहून बेस्ट म्हणजे सारंगखेड्याच्या बाजारातून शिंगरू आणा, दोघं बरोबर शिकाल. तीन मित्रांनी पाठवलं, म्हणून लिहितोय.

आधी गोल फिरण्याचं. कुंपणालगत घोडा कुंपणाच्या आधारानं चालतो, २० मीटरच्या सर्कलवर तो आधार निम्म्याहून जास्त जातो आणि मग दोघांचं खरं कळतं. घोडेही माणसांसारखे डावरे-उजवे असतात, एका बाजूला सहज वळतात, दुसरीकडे ताठ. माझी घोडी दर सर्कलला गेटपाशी आली की बाहेर फुगायची, मी महिनाभर आतला, म्हणजे सर्कलच्या मध्याकडचा, लगाम ओढत राहिलो, मान आत यायची पण खांदा गेटकडेच. एकदा सरांनी थांबवून विचारलं, तू बघतोयस कुठे? मी गेटकडेच बघत होतो, ती जाईल या भीतीनं, आणि माझं सगळं वजन त्याच बाजूला. नजर सर्कलवर पुढे नेली, बाहेरचा लगाम स्थिर धरला, बाहेरचा पाय लावला, तिसऱ्या फेरीला ती गेटसमोरून शांतपणे वळली. महिनाभर मी घोडीला दोष देत होतो. २०२३ ला हांग्झोऊ एशियन गेम्समध्ये भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली, वळणं नेमकी करून घेण्याची स्पर्धा) टीमनं गोल्ड आणलं, त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. त्या ड्रेसाजचा पायाही हीच सर्कल आणि चाल बदलण्याचा सराव.

रिकीब काढण्याचं म्हणाल, तर व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या स्वाराला आधी लंजवरच (जमिनीवरच्या माणसानं लांब दोरीनं गोल फिरवलेल्या घोड्यावर) बसवतात, रिकीब नाही, लगाम नाही, आणि हे कितीतरी महिने. मांड बसते ती अशी. हां, घोडा शांत हवा, लंज धरणारा जाणता हवा आणि मांड्या आखडायच्या आत थांबायला हवं. ते पाळलं नाही तर छळच होतो, तेवढं रीलचं बरोबर.

लगाम आखडून धरा हे मात्र ऐकवत नाही. लगामाचं तोंडातलं लोखंड बसतं ते दातांच्या मधल्या मोकळ्या जागेत, तिथे हाडावर पातळ कातडी असते बस. पाठीवर माशी बसली तरी ज्याला कळतं त्या जनावराला एवढं ओढायची गरजच काय? वॉकवरून (साध्या चालीवरून) हॉल्ट म्हणजे थांबणं मागा, तो थांबला त्याच क्षणी बोटं सैल करा. घोडा शिकतो ते त्या सैल होण्यातून. सतत ताण ठेवला तर त्याला उत्तर दिल्याचं कळतच नाही, मग तो तोंड वर करतो नाहीतर लगामावर रेलतो.

पळवण्याबद्दल एवढंच, ज्याला ट्रॉटवरून (दुडक्या चालीवरून) वॉकवर हळूच आणता येत नाही त्यानं कँटर, म्हणजे त्याहून वेगाची धाव, मागू नये.

आणि शिंगरू. नवा स्वार तोल गेला की लगामाला लटकतो, नवा घोडा त्यातून तेवढंच शिकतो की माणूस पाठीवर आला की तोंड दुखतं. शिवाय पाठीच्या मणक्यांची वाढ साधारण ५-६ वर्षांपर्यंत चालू असते. ज्यांनी आधीच आणलंय त्यांनी त्याच्यावर सध्या बसू नका, हातात धरून चालवा, थांबवा, वळवा, वय झालं की आधी जाणत्या स्वाराला बसू द्या, आणि तोवर तुम्ही क्लासमधल्या म्हाताऱ्या घोड्यावर सर्कल करा.