आधी घरमालकाचा हंडा

भाचीचा साखरपुडा पुण्यात कर्वे रोडला, दुपारी बाराला. मुलाच्या मापाची अंगठी नागपूरच्या आमच्या सोनाराकडून आणायची जबाबदारी मामाची, म्हणजे माझी. सकाळचं विमान, सव्वा तासाचा प्रवास. बहीण म्हणाली होती, "आदल्या रात्री ये." मी म्हणालो, "विमान आहे गं, एसटी नाही."

विमान नागपूरलाच पाऊण तास उशिरा आलं, कारण पुण्याहूनच ते उशिरा सुटलं होतं. तरी सव्वा अकराला खाली उजनीचं पाणी दिसलं आणि जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने पुन्हा उजनीचं पाणी दिसलं. तिसऱ्यांदा दिसल्यावर वैमानिकाने सांगितलं, "लष्करी विमानांची ये-जा सुरू असल्याने आपल्याला थोडा वेळ थांबावं लागेल." आकाशात थांबणं म्हणजे गोल फिरणं.

"आता सुखोई, म्हणजे लढाऊ विमानं, उतरत असणार," शेजारचे काका म्हणाले. "मी हवाई दलात होतो. कंट्रोल टॉवरमध्ये." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी घाबरलो.

"लोहगाव विमानतळ कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"पुणेकरांचा."

"हवाई दलाचा! 1939 साली इंग्रजांनी मुंबईच्या रक्षणासाठी बांधला. धावपट्टी त्यांची, टॉवर त्यांचा. तुमचं ते नवं चकचकीत टर्मिनल म्हणजे अंगणातली भाड्याची खोली."

मी वाड्यात वाढलेलो. नळाला पाणी आलं की आधी घरमालकाचा हंडा, मग आपली कळशी. मला पटलं, पण घड्याळाला पटत नव्हतं.

काकांनी समोरचा ट्रे उघडला. "ही धावपट्टी. प्रवासी विमानांना एकच, जेमतेम अडीच किलोमीटर." तिच्या एका टोकाला त्यांनी पाकिटातले चार काजू ओळीने मांडले. "ही सुखोई. आणि आपलं विमान..." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या हातातली अंगठीची डबी घेतली.

डबी ट्रेवर गोल फिरू लागली.

"एक मिनिट वळायचं, एक मिनिट सरळ, पुन्हा वळायचं, पुन्हा सरळ. चार मिनिटांची फेरी. लढाऊ विमानाचं तेल मोजकं असतं. सराव करून सगळी एकदम भुकेली परतणार. भुकेल्या पोराला कोणी रांगेत थांबवतं का? आपल्याकडे अजून बराच वेळ फिरण्याइतकं आहे." हे ते दिलासा म्हणून सांगत होते. "शिवाय वेग वेगळा. मध्येच आपल्याला घुसवायचं तर मागचं विमान अंगावर येईल."

एक सुखोई उतरलं. काकांनी ते खाल्लं.

"बोलायचा रेडिओही वेगळा. त्यांचा यूएचएफ, आपला व्हीएचएफ. आपल्या वैमानिकाला त्यांचं बोलणं ऐकूही येत नाही. दोन्हीकडचं ऐकतो तो एकटा टॉवरवाला." म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थच. तो दोन्ही घरच्या शिव्या खातो आणि जेवायला मात्र शेवटच्या पंगतीला बसतो. मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली.

दुसरा काजू गेला, तिसराही गेला. चौथ्यावर बोट ठेवून काका थांबले.

"खा की!" मी ओरडलो. पुढच्या सीटवरचं बाळ दचकलं.

"हा ब्रेकसाठी मागे छत्री उघडतो. ती धावपट्टीवर पडली, तर कोणीतरी जाऊन उचलेपर्यंत सगळं बंद." हे चौथं सुखोई ट्रेवर एक आख्खी फेरी बसून राहिलं. मग काकांनी ते चावून चावून संपवलं आणि डबी अलगद माझ्या हातात उतरवली. त्याच क्षणी विमानाने नाक खाली केलं. निव्वळ योगायोग, पण काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू परवानगी त्यांनीच दिली.

लोहगावला उतरताना फोटो काढायला मनाई असल्याचं जाहीर झालं. माझा त्या वेळचा चेहरा पाहता ते बरंच होतं.

येरवड्याच्या सिग्नलांबद्दल लिहीत नाही. तिथे सुखोई नव्हती, तेवढंच. हॉलवर पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. साखरपुडा झालेला. ऐन वेळी भाऊजींनी स्वतःच्या बोटातली अंगठी दिलेली, ती जावयाला सैल, त्यामुळे तो मूठ आवळूनच जेवत होता.

"होतास कुठे?" बहिणीने विचारलं.

"वर."

"वर कुठे?"

मी पान पुढे ओढलं, चार अळूवड्या ओळीने मांडल्या आणि खिशातून डबी काढली. "हे बघ, ही धावपट्टी..."

पहिली अळूवडी उतरेपर्यंत ती व्याह्यांच्या पंगतीत पोचली होती.