पाहुण्यांना नहर दाखवताना

दिवाळीनंतर पुण्या-मुंबईचे मित्र तुमच्याकडे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी-लाखांदूर भागात यायचं म्हणाले, तर एक चौकशी आधी करून घ्या: हे लोक एवढ्यात इंग्लंडला जाऊन आलेत का? आले असतील तर कऱ्हांडल्याच्या अभयारण्यातल्या वाघावर आणि गावरान कोंबड्यावर भागायचं नाही. तिकडे त्यांनी आठवडाभर लांबुळकी होडी भाड्यानं घेऊन कालव्याकालव्यानं प्रवास केलेला असतो. आणि आमच्या शेताजवळून वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची नहर, म्हणजे कालवा, जाते, हे तुम्ही कधीतरी फोनवर मोठ्या तोंडानं बोलून बसलेले असता. ते टोपी घेऊन येतात, काळा चष्मा घेऊन येतात आणि बैठकीत पहिला चहा संपायच्या आत विचारतात, "मग होडी कुठून सुटते?"

गांगरू नका. यजमानाच्या अब्रूला धक्का न लागता हे प्रकरण निभावता येतं.

पहिली संध्याकाळ त्यांना बोलू द्या. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं खरंच असतं, आणि जेवण व्हायला तसाही वेळ असतो. कालव्याच्या वाटेत चढ आला की तिकडे दोन दारांच्या मधे एक हौद बांधतात, त्याला लॉक म्हणतात. होडी हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराकडची झडप लोखंडी हँडलनं फिरवून उघडायची. वरच्या अंगाचं पाणी हौदात उतरतं, होडी वर चढते, दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की पुढचं दार पाठ लावून रेटायचं. पंप नाही, वीज नाही, भारनियमन नाही. अशी सोय तिकडे दोनशे वर्षांहून जुनी आहे. डिव्हायझेस गावाजवळ केन हिल नावाची टेकडी आहे, तिथं एकापुढे एक 29 लॉक आहेत आणि ते पार करायला अख्खा दिवस जातो. होडी जेमतेम 7 फूट रुंद, वेग ताशी 4 मैलांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. म्हणजे आपल्याकडची एसटी थांबा सोडून पुढं जाऊन उभी राहते, साधारण त्या वेगानं.

इथं तुम्ही माना डोलवा आणि मधेच एक प्रश्न टाका: "मग ती दारं उघडायचं कोण?" पाहुणे एकमेकांकडे पाहतील. खरी गोष्ट अशी असते की ज्याच्या नावानं होडी बुक असते तो सुकाणू धरून, हातात चहाचा मग घेऊन उभा असतो. बाकीचे मित्र, 'सुट्टीला चला' म्हणून बोलावलेले, काठावरून पळत जाऊन हँडल फिरवत आणि दारं रेटत असतात. स्वतःच्या खर्चानं. विमानाचं तिकीट काढून. आपल्याकडे याच कामाला रोजगार हमीत हजेरीपट असतो. पण ते बोलून दाखवू नका. फक्त त्यांच्यातला दारं रेटणारा कोण आणि मगवाला कोण, हे मनात टिपून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

ते जेव्हा म्हणतील, "पाण्यानं होडी अशी अलगद वर चढते, पाहायला मजा येते," तेव्हा तुम्हीही मागं राहू नका. सांगा की आमच्याकडचं तंत्र त्याहून पुढचं आहे. आमच्याकडे पाणी न सोडताच चढवतात. राजीव गांधींनी 1988 साली गोसेखुर्दचं भूमिपूजन केलं, तेव्हाचा अंदाज होता 372 कोटींचा. तो आता 18 हजार कोटींच्या वर गेला. मधे एकही दार नाही, झडप नाही, कुणाला पाठ लावून रेटावं लागलं नाही. केन हिलवाल्यांनी येऊन अभ्यास करावा.

"पण तुमच्याकडे लॉक नाहीत ना?" असं कुणी खवचटपणे विचारलंच, तर इतिहासात शिरा. इतिहासात पाणी लागत नाही. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यात अशी योजना होती की वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या पाण्यावरून थेट काकिनाड्याच्या समुद्रापर्यंत न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडम, एंचमपल्ली आणि देवलमरी. ते टाळायला बाजूनं कालवे आणि लॉक बांधायचे ठरलं. दुम्मागुडमला बंधारा आणि लॉक झालेसुद्धा. मग 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, कापूस डब्यात बसून मुंबईला जायला लागला, आणि 1871 मध्ये सरकारनं काम थांबवलं. म्हणजे आपल्या सिरोंच्याच्या खालपर्यंत आलेले लॉक तिथंच राहिले. विदर्भाचा अनुशेष मोजणाऱ्या समित्या रस्त्यांपासून आणि सिंचनापासून सुरुवात करतात. तुम्ही पाहुण्यांना ठणकावून सांगा की आमचा सगळ्यात जुना अनुशेष लॉकचा आहे, दीडशे वर्षांचा, आणि तो अजून कुणी मागितलेलाही नाही.

शिवाय काम चालूच आहे. 2016 च्या कायद्यानं देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्या यादीत वैनगंगा-प्राणहिता आहे. पाहुणे मोबाईलवर तपासतील आणि गप्प बसतील. गोसेखुर्द राष्ट्रीय प्रकल्प, वैनगंगा राष्ट्रीय जलमार्ग. त्या काठावर धान लावणारा तेवढा स्थानिक राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष नहर. वेळ सकाळची निवडा, म्हणजे सावली असते आणि नहरेच्या तळाशी फार काही दिसत नाही. आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीनं सुटणारं पाणी, चालू नसेल तर, आणि ते नसतंच असं धरून चाला, आधी काठावरच्या रस्त्यानं गाडी न्या. रस्ता उत्तम म्हणून दाखवा. काठावर वाळत घातलेला धान, सिमेंटच्या उतारावर पसरलेली भिवापुरी मिरची, तळात क्रिकेट खेळणारी पोरं, सायफनच्या तोंडाशी सावलीला बसलेल्या बकऱ्या, हे सगळं क्रमानं येऊ द्या. 'बहुउद्देशीय प्रकल्प' म्हणजे काय, हे त्यांच्या आपोआप ध्यानात येईल. अस्तरीकरणाच्या भेगांतून उगवलेल्या बेशरमाच्या झुडपांबद्दल विचारलं तर 'काठ धरून ठेवायला लावलीत' म्हणा. याच अस्तरीकरणाच्या दर्जावरून केवढ्या चौकश्या झाल्या, किती फायली हलल्या, हे पाहुण्यांना जेवणाआधी सांगू नये.

एखादा उत्साही पाहुणा सोबत हवेची रबरी होडी घेऊन येतो. त्याला हात धरून थांबवा आणि इथं मात्र थट्टा बाजूला ठेवा. सिंचनाचा कालवा होडीसाठी बांधलेला नसतो. जमीन एकदम उतरते तिथं नहरेत पायरीसारखा फॉल असतो आणि पाणी धाडकन खाली पडतं. नाला आडवा आला की बऱ्याच ठिकाणी पाणी सायफनमधून जातं, म्हणजे या काठाला जमिनीखाली जातं आणि त्या काठाला वर येतं. होडीसुद्धा वर येईल, पाहुण्याबद्दल खात्री देता येत नाही. सिमेंटचे उतार शेवाळानं गुळगुळीत झालेले असतात. त्यात पडलेलं जनावर स्वतःहून बाहेर येत नाही, माणूसही नाही. तिकडच्या लॉकमध्येसुद्धा खाली उतरताना होडीची शेपूट मागच्या उंबऱ्यावर राहिली तर पाणी खाली जातं आणि होडी तिरकी टांगलेली राहते. पाहुण्यांना हे शिकवलेलं असतं. अर्धं वर, अर्धं खाली असं टांगून राहणं काय असतं, ते प्रकल्पग्रस्तांना कुणी शिकवावं लागलं नाही.

होडीचा हट्ट पुरवायचाच तर धरणाच्या फुगवट्यावर न्या. पाणी तिथं आहे, ते नाकारता येणार नाही. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातला एखादा ओळखीचा भाऊ गाठा, डोंग्यात माणशी एक लाइफ जॅकेट असल्याखेरीज कुणाला बसवू नका, आणि पाहुण्यांना पाण्यात हात बुडवायची सवय असेल तर ती काठावरच सोडायला सांगा. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते, आणि मग हे सगळं धरणात साठतं. नाक मुरडू नये. उपराजधानीनं ग्रामीण भागासाठी काही पाठवलं नाही, ही तक्रार यापुढे तरी करता येणार नाही. जलपर्णीच्या हिरव्या पसाऱ्यात पाहुणे फोटो काढतील आणि 'केरळसारखं वाटतंय' म्हणतील. वाटू द्या.

आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ आणि वर तारांनी पेललेला नवा पूल आहे. तो पूल खरोखर देखणा आहे. त्याच्याबद्दल वाकडं बोलायची माझी तयारी नाही. पुलाच्या उंच गॅलरीतून पाणी सुंदर दिसतं. वास तिथपर्यंत पोचत नसावा.

डोंग्यात बसल्यावर एक गोष्ट सांभाळा. पाहुणे नावाड्याला विचारणारच, "पाणी किती खोल आहे हो इथं?" आणि तो वल्हं न थांबवता म्हणणार, "आमच्या घराचा आडा बुडून वर तीन मानसं, इतकं हाये जी." तेव्हा लगेच विषय बदला. मासोळीची गोष्ट काढा, शिंगाड्याची काढा. नाहीतर पाहुणे त्याला पुनर्वसनात काय मिळालं ते विचारतील, तो खरं सांगेल, आणि मग सहलीचं मातेरं. शहरी माणसाला दुपारच्या जेवणाआधी एवढं सोसत नाही.

आता राहिला दुर्दैवी योग. पाहुणे घरात असतानाच नहरेला पाणी सुटतं. हे सहसा रात्री होतं, आणि पाणी सुटल्याची बातमी पाण्याच्या आधी पोचते. धान निसवायला आलेला, जमिनीला भेगा, आणि तुमचं शेत नेमकं टेलला, म्हणजे नहरेच्या शेवटच्या टोकाला. गावात टॉर्च हलायला लागतात, कुणीतरी दारात येऊन ओरडतं, "नहर आली जी! वरचे लोक अडवून राहिले!" अशा वेळी पाहुण्यांना झोपू देणं म्हणजे मैत्रीचा अपमान आहे. उठवा सगळ्यांना.

वरच्या गावकऱ्यांनी मातीची पोती टाकून नहर आडवी बांधलेली असेल. पोत्यांच्या वरच्या अंगाला पाणी चढतंय, त्यांच्या चारीत वळतंय. खालच्या अंगाला तळ कोरडा. टॉर्चच्या उजेडात हे पाहून तुमचा इंग्लंडवाला मित्र आनंदानं ओरडेल, "अरे, हे तर लॉकच आहे!" त्याचं बरोबर आहे. तत्त्व तेच. फक्त इथं दार उघडायला हँडल नाही, आणि पलीकडे उभे असलेले लोक मजेत हात हलवणारे इंग्रज आजोबा नाहीत. त्यांच्या हातात काठ्या आहेत आणि त्यांच्याही धानाला भेगा पडल्या आहेत. इंग्रजीत बोलू नये, मोबाईल वर धरू नये. "काकाजी, दोन घंटे तुमचे, दोन घंटे आमचे" असं ठरवायचं. ठरतं. पाणी वाटणारा पाटकरी येईपर्यंत असंच ठरतं, आणि तो आल्यावरही बहुतेक तेच राहतं.

मग पोती उपसायला कोण? पहिल्या संध्याकाळी मनात टिपून ठेवलं होतं ना, त्यांच्यातला दारं रेटणारा कोण ते? त्याला पाण्यात उतरवा, त्याला सवय आहे. मगवाल्याला चारीच्या तोंडाशी फावडं देऊन उभा करा आणि समजावून सांगा की बांध फुटला तर लगेच माती ओढायची, आणि सुकाणू धरल्यासारखं नुसतं उभं राहायचं नाही. चिखलाचे पांढरे बूट सकाळी धुऊन देता येतात. वहिनींना झोपू द्यायचं की नाही हे त्यांनाच विचारा. घरच्या बाया तर केव्हाच बांधावर पोचलेल्या असतात.

पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथंच, पाणी बांधीत शिरताना देऊन टाका. गडी खुशीत असतात, 'येणार म्हणजे येणार' म्हणून मोकळे होतात. सकाळी पाठ धरल्यावर विचाराल तर रेल्वेचं वेळापत्रक काढून बसतील. आणि तारीख आत्ता पक्की करू नका. "आवर्तन कळलं की फोन करतो" एवढंच सांगा.