एनआयआरएफची यादी म्हणजे ऑप्शन फॉर्म नव्हे

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की पालकांच्या गटांतून एक संदेश फिरू लागतो. तो असतो एनआयआरएफ, म्हणजे देशातल्या शिक्षणसंस्थांची सरकारी क्रमवारी, आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे प्रवेशाचा पसंतीक्रमाचा अर्ज, यांच्याविषयी. त्याचा आशय असा: ‘एनआयआरएफची यादी समोर ठेवा आणि त्याच क्रमाने ऑप्शन फॉर्म भरा. यादी सरकारी आहे, म्हणजे तपासलेली आहे. वरचा क्रमांक म्हणजे चांगले शिकवणे आणि मोठे पॅकेज. शाखेचे पुढे पाहता येईल.’

यादी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची आहे आणि २०१६ पासून ती प्रसिद्ध होते, एवढे बरोबर आहे. मात्र शोधनिबंधांची संख्या बाहेरच्या माहितीसाठ्यांतून घेतली जात असली, तरी विद्यार्थी, प्राध्यापक, खर्च आणि प्लेसमेंट यांचे आकडे संस्था स्वतःच भरून देतात.

‘वरचा क्रमांक म्हणजे चांगले शिकवणे’ हे विधान गुणांची विभागणी पाहिली की डळमळते. शंभरपैकी ३० गुण अध्यापन व साधनांना, ३० संशोधनाला, २० पदवीनंतरच्या फलिताला, १० सर्वसमावेशकतेला आणि १० निव्वळ लौकिकाला दिले जातात. अध्यापनाच्या ३० गुणांतही मोजले जाते ते प्राध्यापकांचे प्रमाण, त्यांच्या पीएचडी आणि झालेला खर्च; दुसऱ्या वर्षाच्या वर्गात कोण कसे शिकवतो, हे कोणी जाऊन पाहत नाही. पीएचडी करायला निघालेल्या विद्यार्थ्याला संशोधनाचे गुण महत्त्वाचे वाटतील, बी. टेक.साठी कॉलेज शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग बराच कमी.

पॅकेजचा मुद्दा वेगळा आहे, कारण येथे क्रमांकापेक्षा त्यामागची कागदपत्रे अधिक बोलतात. क्रमांक मिळालेल्या संस्थांनी भरलेली माहिती एनआयआरएफच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळते. त्यात चार वर्षांच्या पदवीला किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचे मध्यक वेतन (चढत्या क्रमाने लावलेल्या वेतनांतले मधले) किती, हे दिलेले असते. जाहिरातीतले ‘सर्वाधिक पॅकेज’ एकट्या विद्यार्थ्याचे असू शकते, मध्यकाच्या बाबतीत ती सोय नाही. तरीही हे आकडे सर्व शाखांचे एकत्रित असतात, त्यामुळे शाखावार आकडे कॉलेजकडेच मागावे लागतात. (ते द्यायला कॉलेज टाळाटाळ करत असेल, तर तीही माहितीच समजावी.)

संदेशातला सर्वांत घातक भाग शेवटचा आहे. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, नुसते कॉलेज निवडता येत नाही. प्रत्येक पर्याय कॉलेज आणि शाखा मिळून बनतो, आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठतो, म्हणजे तोच पक्का होतो. नंतर शाखा बदलायची तर मोजक्याच रिकाम्या जागा असतात आणि त्याही पहिल्या वर्षाच्या गुणांवर मिळतात. माटुंग्याच्या आयसीटीचा क्रमांक अनेक वर्षे शेजारच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी कॉलेजच्या वर राहिला आहे. पण आयसीटी ही रासायनिक अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञानाची संस्था असल्याने स्थापत्य अभियांत्रिकी (सिव्हिल) शिकू पाहणाऱ्या मुलीला या तुलनेतून काहीच मिळत नाही.

शिवाय पहिल्या शंभरानंतर १०१ ते १५०, १५१ ते २०० असे केवळ गट दिलेले असतात, आणि राज्यातली बहुसंख्य कॉलेजे या गटांच्याही बाहेर आहेत. त्यांच्यातून निवड करताना मागील वर्षाचे शाखावार कटऑफ आणि त्या विशिष्ट शाखेला एनबीए या तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन आहे की नाही, हे आधी पाहावे; उच्च शिक्षणसंस्था तपासणाऱ्या नॅकचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते, एनबीएचे मानांकन अभ्यासक्रमाचे.