पटेल तो पटर

तीन फूट. वारा नाही, झाड नाही, वाटेत तळं नाही. गोल्फच्या चेंडूपाशी पाय ठेवून मी आडवा झालो असतो, तर डोकं होलच्या पार पलीकडे गेलं असतं, एवढंच अंतर. तरी चेंडू होलच्या काठावरून डोकावून, आत काय आहे ते बघून, पुढे निघून गेला. त्याच होलच्या वाटेवर माझा पहिला फटका दोनशे यार्ड गेला होता. हा एक यार्डाचा. हिशेबाच्या कार्डावर मात्र दोघांची किंमत सारखीच, एकेक फटका. या खेळातला हा समभाव मला कधीच पटलेला नाही.

दोष अर्थातच पटरचा, म्हणजे होलजवळच्या छोट्या फटक्यांच्या काठीचा, होता.

बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे काठ्या, ठेवता येतात. त्यातल्या 13 क्लबांच्या बाबतीत मी माझे गुन्हे कबूल करतो. पण पटर? त्याने चेंडू नुसता ढकलायचा असतो. बरं, काम थोडंथोडकं नाही. पार 72 च्या कोर्सवर, म्हणजे जिथे 18 होल 72 फटक्यांत संपवणं अपेक्षित असतं तिथे, प्रत्येक होलला दोन पट, म्हणजे पटरचे फटके, धरले, तर 36 फटके, म्हणजे निम्मा कारभार या एकाच काठीकडे. "निम्मा कारभार ज्याच्याकडे, तो चांगलाच हवा," असं मी घरी मांडून पाहिलं. बायको म्हणाली, "बरोबर आहे. पण काठी कारभार करत नाही हो, काठी धरणारा करतो."

मी ऐकलं नाही, आणि दुकानात गेलो.

नव्या पटरच्या किमती वाचून आधी चष्मा पुसला, मग पुन्हा वाचल्या. पोलादाच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेलं डोकं, असं त्याचं कौतुक लिहिलं होतं. आमचंही डोकं एकाच ठोकळ्याचं आहे, हे अनेकांनी सांगितलंय. त्याला कुणी एवढी किंमत दिली नाही. मी मुकाट्याने वापरलेल्या पटरांच्या पिंपाकडे वळलो. ते पिंप म्हणजे घटस्फोटितांचा मेळावा. प्रत्येकजण देखणा, प्रत्येकाला कुणीतरी सोडलेलं. एकाच्या तळाला खोल ओरखडे होते. आधीच्या मालकाने तो दगडावर आपटला असणार. मला त्या अनोळखी माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"तुमचा स्ट्रोक कसा आहे?" विक्रेत्याने विचारलं.

चारित्र्याबद्दल विचारल्यासारखा मी ताडकन म्हणालो, "सरळ."

इथेच घोटाळा झाला. पटर निवडताना पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचं उत्तर माणूस स्वतःच्या अब्रूच्या अंदाजाने देतो. काहींचा पटर सरळ मागे, सरळ पुढे जातो. काहींचा किंचित कमानीत फिरतो, मागे जाताना फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उघडतो आणि पुढे येताना मिटतो. पटरचंही तसंच. शाफ्ट, म्हणजे दांडा, एका बोटावर आडवा तोलून धरायचा. फेस आभाळाकडे बघत राहिला, तर तो फेस-बॅलन्स्ड, सरळवाल्यांना देतात. टोकाकडची बाजू, म्हणजे टो, खाली लोंबली, तर तो कमानवाल्यांचा. जितकी कमान जास्त, तितकं लोंबणं जास्त.

विक्रेत्याने पिंपातून एक मॅलेट, म्हणजे मोठ्या डोक्याचा पटर, काढून माझ्या बोटावर ठेवला. मागे दोन शिंगं, मध्ये पांढऱ्या रेघा, एकूण रूप विमानातून तुटून पडलेल्या भागासारखं. फेस निर्विकारपणे छताकडे बघत होता. वजन कडांना पसरलेलं असल्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही तरी डोकं फारसं वळत नाही, म्हणाला. मला तर चेंडू मधोमध लागल्याचं स्मरतच नव्हतं. तिथल्या गालिच्यावर पाच चेंडू मारले, पाचही आत. दुकानातल्या गालिच्यावर मी आजवर अजिंक्य आहे.

घरी आल्यावर समर्थनाची तयारी होतीच. "1986 साली गोल्फपटू जॅक निकलॉसने 46व्या वर्षी मास्टर्स स्पर्धा जिंकली, ती असल्याच अवाढव्य डोक्याच्या पटरने."

"आणि त्याआधी कधी जिंकलेच नव्हते का ते?"

"त्याआधी पाच वेळा."

"साध्या पटरने?"

मी विषय बदलला.

पुढचे तीन आठवडे चेंडू होलच्या डावीकडून गेले. सगळे. शिस्तीत. आधी निदान कधी डावीकडे, कधी उजवीकडे अशी विविधता होती. होलची रुंदी सव्वाचार इंच. दहा फुटांवरून फेस एक अंश फिरला, की चेंडू तिथे पोचेपर्यंत दोन इंचांहून थोडा जास्तच सरकतो. मधोमध नेम धरला असला तरी तो जेमतेम काठ पकडतो. दोन अंश म्हणजे जय हरी. एक अंश म्हणजे केवढा, हे बघायला मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला. एका अंशाची फट दिसायला मला भिंग लागलं.

ते पाहून मुलीला दया आली. तिने दोन जाड पुस्तकं समांतर ठेवली, मधून मला पटर फिरवायला लावला, आणि फोन जमिनीवर टेकवून चित्रण केलं. मग ते संथ गतीने दाखवलं.

"बाबा, सरळ कुठे आहे हे? दार उघडतंय, दार मिटतंय."

खरंच दार होतं. बिजागरी तेवढी ऐकू येत नव्हती. नंतर विचार केला, तर त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आपण चेंडूच्या बाजूला उभे राहतो. नियमानुसार पटरचा शाफ्टसुद्धा उभ्या रेषेपासून किमान 10 अंश कललेला असावा लागतो. अशा कललेल्या काठीला खांदे वळवून हलवलं की ती थोडी कमान घेणारच. पण चाळिशीपासून जपलेला सरळपणा एका फोनने काढून घेतला, हे दुःख काही हलकं होईना.

मग मला अडगळीतला जुना पटर आठवला. साधा ब्लेड, म्हणजे अरुंद डोक्याचा, टाच आणि टो या दोन्ही टोकांना वजन. हे वजन वाटण्याचं डोकं कार्स्टन सोलहाइम नावाच्या इंजिनिअरचं. त्यांनी 1959 मध्ये बनवलेला पटर चेंडूला लागला की 'पिंग' वाजायचा, तेच त्यांच्या कंपनीचं नाव झालं. आमचा पटर त्या घराण्याचा दूरचा, चोरून नाव लावणारा नातेवाईक. तो 'ठक्' वाजतो. बोटावर तोलला, तर टो हळूच खाली गेला आणि 45 अंशांवर थांबला. मान खाली घालून उभा. मी त्याला तीन वर्षं शिव्या घातल्या होत्या, आणि स्ट्रोक जुळत होता तो याच्याशीच.

"मग चुकत का होता?" मी विचारलं. मुलीने टोखाली एक नाणं सरकवलं. ते बिनदिक्कत आत गेलं. टो हवेत होता. मग नाकाच्या मुळापाशी चेंडू धरून सोडायला सांगितला. तो खालच्या चेंडूवर न पडता पायांच्या बाजूला, दोन-तीन इंच अलीकडे पडला. पटर 35 इंचांचा होता. तेवढ्या लांबीला जागा करून देण्यासाठी मी लांब उभा राहत होतो, आणि मला सरळ दिसणारी रेघ मुळात तिरकी होती.

उपाय स्वस्त निघाला. ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, बाजूने दोन इंच कापले, नवी ग्रिप चढवली. शाफ्ट आखूड झाला की डोकं हलकं भासतं, म्हणून तळाला शिशाची पट्टी चिकटवली. सगळा खर्च डझनभर चांगल्या चेंडूंपेक्षा कमी. आता तीन फुटांवरून माझे बहुतेक पट जातात. आठ फुटांवरून जात नाहीत, पण तिथून अव्वल व्यावसायिकांचेही साधारण निम्मेच जातात. उरलेल्या निम्म्यांपुरता मी त्यांच्या बरोबरीचा आहे.

प्रश्न उरला शिंगवाल्या मॅलेटचा. विकायला काढला, तर परवा एक गृहस्थ बघायला आले. त्यांनी तो बोटावर तोलला. फेस पुन्हा छताकडे बघू लागला. ते खूश झाले.

"मला असाच हवा होता," ते म्हणाले. "माझा स्ट्रोक अगदी सरळ आहे."

मुलगी फोन घेऊन पुढे येत होती. मी तिला डोळ्यांनीच आत पाठवलं.

"ते दिसतंच आहे," मी म्हणालो.