रक्तगट पाहा, निर्धास्त व्हा

कॅन्सरची भीती वाटते ना? त्याचा धोका म्हणे रक्तगटावरूनच कळतो. मग आधी रक्तगटाचा जुना रिपोर्ट शोधा. सिगारेट सोडणं, वजन उतरवणं, वेळच्या वेळी तपासण्या करून घेणं ही सगळी कष्टाची कामं. रक्तगट मात्र जन्मतःच ठरलेला. त्याचं तुम्ही काहीच करू शकत नाही, म्हणजे काही करावंही लागत नाही. इतका सोयीचा धोका दुसरा मिळायचा नाही.

रिपोर्ट हरवला असेल तर लॅब गाठा. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकात निळं सिरम, दुसऱ्यात पिवळं. निळ्यात गुठळ्या दिसल्या की 'ए', पिवळ्यात दिसल्या की 'बी', दोन्हीकडे दिसल्या तर 'एबी', कुठेच नाहीत तर 'ओ'. पुढचं सगळं भविष्य या गुठळ्यांत वाचायचं.

'ए' निघाला? तोंड पाडून बसा. जठराचा कॅन्सर झालेल्यांत 'ए' गटाचे लोक जास्त दिसतात, हे ब्रिटिश डॉक्टरांनी 1953 सालीच मांडलं होतं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या रक्तदात्यांच्या नोंदींतूनही 2010 मध्ये तेच निघालं: 'ओ'पेक्षा साधारण 20 टक्के जास्त धोका. हा आकडा भेटेल त्याला ऐकवा. फक्त एखादा जाणकार भेटला तर वाट बदला. तो हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूचा विषय काढेल, जठराच्या कॅन्सरमागे त्याचा हात मोठा आहे आणि त्यावर औषधं आहेत असंही सांगेल, आणि रंगात आलेली भीती उगाच उपायांवर घसरेल.

'बी' वाल्यांसाठी स्वादुपिंडाचा कॅन्सर राखून ठेवला आहे. 2009 च्या एका अमेरिकी अभ्यासात 'ओ'च्या तुलनेत त्यांचा धोका 72 टक्के जास्त आढळला. वा, घाबरायला झकास आकडा! शंभरात दोघांनाही आयुष्यभरात न गाठणाऱ्या आजारात 72 टक्क्यांची भर म्हणजे नक्की किती, हा हिशेब मात्र मांडू नका. मांडला की आकड्याची सगळी हवाच जाते.

'एबी' वाल्यांनी दोन्ही भीत्या एकत्र घ्याव्यात.

आणि 'ओ' वाले? तुम्ही तर जन्मतःच सुटलात. पेटवा सिगारेट! तिच्यामुळे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका दुपटीच्या आसपास जातो आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा 15 ते 30 पट होतो म्हणतात. ते बाकीच्या गटांसाठी असणार. पोटातला अल्सर 'ओ' गटातच जास्त आढळतो, या क्षुल्लक गोष्टीकडेही लक्ष देऊ नका.

एवढं करूनही कुणी तुम्हाला डॉक्टरांकडे ओढून नेलंच, तर सावध राहा. ते धोका मोजायला रक्तगट विचारणारच नाहीत. दिवसाला सिगारेटी किती, घरात कुणाला कॅन्सर झाला होता का, वजन आपोआप घटलंय का, शौचावाटे रक्त जातं का, असल्या नको त्या चौकशा करतील. तुम्ही बधू नका. प्रत्येक प्रश्नाला ठणकावून एकच उत्तर द्या: "ओ पॉझिटिव्ह."